न घडलेल्याची मजुरी

मार्च संपत आला की गुलमर्गचा बर्फ एका दिवसात तीनदा बदलतो. पहाटे तो इतका कडक असतो की स्कीची कड धरत नाही, आणि पडलं तर कोपर सोलतं. नऊ-दहाच्या सुमारास ऊन लागून वरचा दोन बोटं थर सुटतो, बाजरीएवढे दाणे मोकळे होतात, आणि पुढचा तास-दीड तास असा मिळतो की नवशिक्यालाही आपण उस्ताद झालो असं वाटावं. दुपार चढली की त्याचाच लगदा होतो. स्की रुतते, गुडघा पिळवटतो, आणि डोंगराच्या वरच्या अंगाला जे बसलेलं असतं त्याची बैठक ढिली होते.

ही गोष्ट अलीकडच्याच एका मार्चमधली. तिच्यातल्या वाटाड्याला सगळे चाचा म्हणत, आपणही तेच म्हणू. तंगमर्गजवळच्या एका गावचा हा माणूस. पोरवयात तो पर्यटकांना लाकडी घसरगाडीवर बसवून ओढायचा. पुढे स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानात बुटांचे पट्टे आवळायला लागला, तिथंच उधारीच्या स्कीवर शिकला. गुलमर्गचा पाळणा, म्हणजे गोंडोला, 1998 मध्ये कोंगदूरीपर्यंत सुरू झाला आणि 2005 मध्ये त्याचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरपर्यंत पोचला. तेव्हापासून जगभरचे स्कीपटू येऊ लागले आणि चाचा त्यांना वरच्या उतारांवर नेऊ लागला. इंग्रजांनी 1927 मध्येच इथं स्की क्लब काढला होता. पण तेव्हा आधी छातीवरची चढण चढायची आणि मग उतरायचं, असा तो खेळ होता. चढताना बर्फ पायाखाली तपासला जायचा, तो आपोआप. पाळण्यानं चढण काढून टाकली आणि तिच्याबरोबर ती तपासणीही गेली. हे आपलं माझं मत. चाचा पाळण्याला दुवाच देतो, त्यावर त्याच्या दोन मुलींची लग्नं झाली.

अडचण अशी की हा धंदा आता आक्रसत चाललाय. काश्मिरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे, चिल्ला-ए-कलां. या चाळिसात पडलेला बर्फ टिकतो. नंतरचा ओला येतो आणि लवकर जातो, असा तिथल्या माणसांचा पिढ्यांचा हिशेब. 2024 चा जानेवारी कोरडा गेला. जिथं कमरेएवढा बर्फ असायचा तिथल्या तपकिरी, वाळक्या कुरणाचे फोटो देशभर फिरले, आणि घसरगाडीवाले घोडेवाल्यांकडे बघत बसले. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. हंगाम असा दोन्हीकडून कातरला गेला की उरलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत वाढते. अशा वेळी मिळालेल्या गिऱ्हाइकाला “आज नको” म्हणणं सोपं नसतं.

त्या मार्चमध्ये चाचाकडे चौघं आली. पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी आणि तिचे तिघं मित्र. मुलीनं गुलमर्गच्याच सरकारी संस्थेत दोन हिवाळे अभ्यासक्रम केले होते. मित्रांपैकी एक ठाण्याचा, युरोपात दोनदा स्की करून आलेला. हेल्मेटवर कॅमेरा, बोलण्यात जोर. त्याला सगळे ठाणेकरच म्हणत. आणि या तरण्या टोळीबरोबर मुलीचे वडील अण्णा, निफाडकडचे द्राक्षबागाईतदार. त्यांच्या बागेतला माल फेब्रुवारीतच गेला होता, खरडछाटणीला अजून पंधरवडा होता, लेक म्हणाली चला, म्हणून आले. पायांना फळ्या बांधून घसरायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं. ते पाळण्यानं कोंगदूरीपर्यंत यायचे आणि टपरीवर बसून बर्फाकडे बघायचे.

पहिल्या दिवशी चाचानं सगळ्यांना तिष्ठत ठेवलं. सकाळी आठला वर पोचलेली टोळी दहापर्यंत नुसती हात चोळत उभी. ठाणेकर दोनदा म्हणाला, “चाचा, निघू या की.” चाचा स्कीची काठी उलटी धरून बर्फात टोचायचा आणि परत उभा राहायचा. रात्र निरभ्र होती. अशा रात्री बर्फातली ऊब सरळ आभाळात निघून जाते, हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो, आणि दिवसभर वितळलेलं सगळं पुन्हा एकमेकांना घट्ट धरतं. सकाळच्या या कडकपणावरच पुढचा सगळा दिवस उभा असतो. ऊन आधी पूर्वेच्या अंगावर येतं, मग दक्षिणेच्या. उत्तरेचा उतार शेवटी सुटतो. चाचा त्याच क्रमानं त्यांना फिरवत गेला. एक उतार सुटला की त्यावर उतरायचं, तो मऊ पडू लागला की सोडून पुढचा धरायचा. साडेअकराला त्यानं सगळ्यांना खाली आणलं. चौघांचे चेहरे उजळलेले. ठाणेकर म्हणाला, उद्या पलीकडच्या त्या घळीत जायचं.

पलीकडची घळ म्हणजे पाळण्याच्या तारेखालचा मुख्य उतार सोडून बाजूला. मुख्य उतारावर गस्तीपथक असतं. ते रोज बर्फ बघतं आणि धोका वाटला तर उतार बंद ठेवतं. त्याच्या हद्दीबाहेर ज्याचा त्यानं जीव सांभाळायचा. चाचा म्हणाला, “बघू. रात्र कशी जाते त्यावर.”

रात्री ढग आले. वारा फिरला, उबदार झाला. चाचाच्या घराच्या पत्र्यावरून रात्रभर पाणी ठिबकत होतं, आणि तो अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकत होता. खरं तर त्याचा निर्णय तिथंच झाला होता. ढग म्हणजे पांघरूण: बर्फाची ऊब बाहेर जात नाही, वरचा थर गोठत नाही, आदल्या दिवशीचं पाणी आत झिरपत राहतं. त्या हिवाळ्याची सुरुवात कोरडी गेलेली. अशा कोरड्या थंडीत जमिनीलगतच्या पातळ बर्फाचे सुटे, एकमेकांना न धरणारे स्फटिक होतात. नंतर वरून कितीही जाड थर साठला तरी तळ कच्चाच राहतो. त्या तळापर्यंत पाणी पोचलं की काय होईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच तिथं जायचं नसतं.

सकाळी कोंगदूरीला चाचानं स्की न घालता चार पावलं टाकली. बूट पोटरीपर्यंत आत गेला.

“आज नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे घळीत नाही, की कुठंच नाही?”

“घळीत नाही. मुख्य उतार गस्तीवाल्यांनी उघडला तर तिथं खेळा. मी आहे.”

ठाणेकरानं आभाळाकडे बोट केलं. ढगांत फट पडत होती. युरोपात याहून वाईट हवेत आपण उतरलोय, असं त्यानं सांगितलं, आणि ते खोटंही नसेल. मग त्यानं विचारलं, “दुसरा कुणी येईल का?”

चाचाचा पुतण्या तिथंच उभा होता. त्याची त्या दिवशीची टोळी श्रीनगरहून आलीच नव्हती. पंचविशीतला पोरगा, हात उत्तम, आणि नव्या स्कीसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर. त्यानं चाचाकडे बघितलं.

“मला काय विचारतोस?” चाचा म्हणाला. “बर्फ तुझ्याही पायाखाली आहे.”

पुतण्या क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “येतो.” चाचानं पाचही जणांच्या छातीवरचे, गाडलेला माणूस शोधायचे बीपर सुरू करून एकेकाचा आवाज तपासला, फावडी आणि शोधायच्या सळया पिशवीत आहेत ना ते बघितलं, आणि पुतण्याला काश्मिरीत काहीतरी सांगितलं. नंतर कळलं ते एवढंच होतं: उतारावर एका वेळी एकच माणूस ठेव. पाळणा त्यांना घेऊन ढगात शिरला.

मुलीच्या वडिलांना ही बोलाचाली अर्धवट समजली होती. हिंदी त्यांना येत होतं, पण त्यांना वाटलं, पैशांवरून काहीतरी बिनसलंय. टपरीवर चाचा समोर येऊन बसला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही का नाही गेलात?” चाचानं सांगितलं. शांतपणे सांगितलं, पण सगळं सांगितलं.

अण्णांच्या हातातला पेला तसाच राहिला. त्यांनी लेकीला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला.

“आता फोन करून उपयोग नाही,” चाचा म्हणाला. “लागला तरी तिचं लक्ष उडेल.”

“मग अडवलं का नाही तुम्ही?”

“नाही म्हणालो ना. त्याच्यापुढं माझा हात पोचत नाही.”

अण्णा उठून कठड्याशी गेले. वर ढगाशिवाय काही दिसत नव्हतं. परत येऊन बसले. गुलमर्गात काय काय घडलंय हे कुणी न विचारताच टपरीवाला सांगू लागला: 2010 च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराच्या प्रशिक्षणशाळेचे सतरा जवान गेले, 2023 मध्ये अफरवटच्या अंगाला दोन पोलिश स्कीपटू, 2024 च्या फेब्रुवारीत एक रशियन. टपरीवाल्यांना अशा वेळी गप्प बसणं जमत नाही, ते निफाडला असो की कोंगदूरीला. चाचानं त्याला चहा आणायला पिटाळलं.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. लेक नव्हती, निफाडहून धाकटा भाऊ होता. भावाची बाग उशिराची, घड अजून वेलीवर. हवामान खात्यानं दोन दिवसांत अवकाळीची शक्यता सांगितली होती, आणि व्यापाऱ्यानं ते वाचून किलोमागे चार रुपये पाडून मागितले होते. द्यायचा माल की थांबायचं?

काश्मिरातला बर्फ आणि निफाडची द्राक्षं यांचं नातं कुणा शहाण्यानं अण्णांना समजवायची गरज नव्हती. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकून पुढं सरकला की मागून उत्तरेचे गार वारे येतात, निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो, आणि बागाईतदार पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो. नाहीतर मणी तडकतात. हिवाळा संपताना हीच हवा कधी पाऊस होते, कधी गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं पाहिली, त्याला घड वेलीवर असताना ढग आले की झोप लागत नाही. तयार मालावर पाऊस पडला तर मणी फुटतात, कूज लागते, आणि चार रुपये कमी देणारा व्यापारीही मग फोन उचलत नाही.

“दे माल,” अण्णा म्हणाले. “आजच क्रेट भरायला लाव.”

“अन् पाऊस नाही आला तर?”

“नाही आला तर नाही आला. दे.”

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चाचाला मराठी समजत नव्हतं, पण त्यानं आवाज ओळखला असावा. त्यानं विचारलं नाही. अण्णांनीच थोड्या वेळानं हिंदीत सांगितलं, द्राक्षांचं, पावसाचं, चार रुपयांचं. चाचा ऐकत होता आणि त्याची नजर वर होती. तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं, की टपरीच्या उबेत बसलेल्या या माणसानं स्कीचे जड बूट काढलेले नाहीत. पट्टेसुद्धा ढिले केलेले नाहीत. पिशवी पाठीलाच होती, फावड्याचा दांडा तिच्यातून वर आलेला, आणि दोन स्की दाराबाहेर, पाय घातला की निघता येईल अशा आडव्या. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर वाचायची आशा मोठी असते, त्यानंतर ती झपाट्यानं घटते. ओला बर्फ तर थांबला की जागीच घट्ट बसतो, हातानं उकरत नाही. चाचाची मजुरी त्या दिवशी नव्हती, काम मात्र चालू होतं.

दीड वाजता पाचही जण खाली आले. भिजलेले, दमलेले, हसत. ढग फाटले होते, घळीत त्यांना ऊन मिळालं होतं, ठाणेकराच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. काही म्हणजे काही झालं नव्हतं. अण्णांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

“चाचा, बघा, आम्ही जिवंत!” ठाणेकर म्हणाला. त्यात खोड काढायचा भाव होता, दुष्टावा नव्हता.

“अल्लाहचा शुक्र,” चाचा म्हणाला, आणि खाली वाकून त्यानं बुटांचे पट्टे सोडले.

संध्याकाळी हॉटेलात हिशेब निघाला. चाचाला तीन दिवसांचे पैसे आगाऊ दिले होते. ठाणेकराचं म्हणणं सरळ होतं: काल काम केलं, कालचे ठेवा, आज नाही केलं, आजचे परत करा, शिवाय आज पुतण्याला वेगळे द्यावे लागले. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. मुलगी गप्प होती. चाचानं फेरनाच्या आत हात घालून नोटा काढल्या, मोजल्या, टेबलावर ठेवल्या. वाद घातला नाही. वाद घालायला हातात होतं तरी काय? घळ कोसळली असती तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि तसं खरं ठरण्याची इच्छा करणारा माणूस वाटाड्या असू शकत नाही. आपल्या समाजाची एक रीत मला नेहमी खटकते: आग विझवणाऱ्याचा सत्कार होतो, आणि ज्यानं वायर वेळेवर बदलली म्हणून आग लागलीच नाही, त्याच्याकडे बिल जास्त का आलं याची चौकशी होते. असो.

अण्णांनी त्या नोटा उचलल्या आणि चाचाच्या हातात परत दिल्या.

“अण्णा, अहो, पण त्यांनी आज...” ठाणेकर चाचरला.

“तुझे नाहीत, माझे आहेत. तुझा हिस्सा मी तुला देतो.”

तेवढ्यावरच हे संपलं असतं तर अण्णा मोठ्या मनाचे ठरले असते आणि गोष्टीला फारसा अर्थ उरला नसता. पण रात्री भावाचा फोन आला. माल गेला होता. क्रेट भरताना आभाळ भरून आलं होतं आणि मग तसंच निघूनही गेलं होतं. आता चांदणं पडलंय, खात्याचा नवा अंदाजही कोरडा. शेजारच्यानं माल धरून ठेवला, त्याला उद्या जुना भाव मिळणार. भावाच्या आवाजात राग होता. अण्णा ऐकत राहिले. खोलीत लेक होती, तिला पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

“तू तिकडं थंड हवेत बसून सांगतोस, इकडं माझे चार रुपये गेले,” भाऊ म्हणाला.

“गेले,” अण्णा म्हणाले.

“मग? चुकलंच ना?”

“सकाळी तुझ्या डोक्यावर ढग होते का नव्हते?”

“होते.”

“उद्या पुन्हा तसेच आले, तर मी तेच सांगीन.”

पलीकडून फोन बंद झाला. अण्णा खिडकीशी जाऊन उभे राहिले. पन्हाळीतून पाणी गळायचं थांबलं होतं. लेक म्हणाली, “काका फार चिडलाय.” अण्णा म्हणाले, “चिडणारच. त्याचे पैसे गेलेत. दिसतात ते गेलेलेच.” आणि झोपले. लेकीला मात्र लवकर झोप लागली नाही. घळीत ती तिसऱ्या क्रमांकावर उतरली होती. वर थांबलेली असताना खडकाखालून बर्फाचे लहान गोळे आपोआप सुटून घरंगळत गेलेले तिनं पाहिले होते. अभ्यासक्रमात हेच शिकवलं होतं, उन्हानं गोळे सुटू लागले की उतार सोडायचा. तिला ते आठवलंही होतं. पण पुढचे दोघं खाली सुखरूप उभे राहून हात हलवत होते, म्हणून ती उतरली.

त्याच रात्री तंगमर्गच्या बाजूच्या त्या घरात चाचानं पुतण्याला जेवायला बोलावलं होतं. भात, हाखाची पालेभाजी, आणि निखाऱ्यांची कांगडी मध्ये. चाचानं एकच गोष्ट विचारली, “काय काय दिसलं?”

पुतण्यानं सांगितलं. पोटरीपर्यंत पाय जात होता. गोळे सुटत होते. आणि एकदा, घळीच्या तोंडाशी, पायाखाली धप्प असा आवाज झाला आणि आजूबाजूचा अंगणाएवढा बर्फ बोटभर खाली बसला.

“मग?”

“मग एकेकाला सोडलं, तुम्ही सांगितलं तसं. काही झालं नाही.”

चाचा भात कालवत म्हणाला, “पुढच्या वर्षी धप्प वाजलं की तुला काय आठवेल?”

पुतण्या बोलला नाही.

“हेच आठवेल. मागच्या वेळीही वाजलं होतं, आणि काही झालं नव्हतं. आज तुझं हे नुकसान झालंय. कर्जाचा हप्ता किती आहे?”

पुतण्यानं सांगितलं. चाचानं अण्णांकडून परत आलेल्या नोटांतल्या निम्म्या काढून त्याच्या ताटाशी ठेवल्या. पुतण्या घेईना. चाचा म्हणाला, “उधार देतोय. ज्या दिवशी गिऱ्हाइकाला नाही म्हणशील त्या दिवशी फेड.” व्यवहार म्हणून हे बरोबर आहे की नाही मला ठाऊक नाही, काश्मिरातले वाटाडे सगळे असे वागतात असंही मी म्हणणार नाही. काही तर चाचावर नाराजच असतात, कारण एकानं नाही म्हटलं की बाकीच्यांना उत्तरं द्यावी लागतात.

रात्र निरभ्र गेली आणि सकाळी सगळं पुन्हा कडक होतं. तिसरा दिवस चाचाचा. त्यानं आधीच सांगून टाकलं: एका रात्रीच्या गोठण्यानं वरचं कवच धरलंय, आत अजून ओलंच आहे. घळ आजही नाही. मुख्य उतारावरचा ऊन आधी लागणारा भाग नऊला, सावलीतला दहाला, आणि कवच पायाखाली मऊ लागलं की दिवस संपला. या वेळी मुलीनं विचारलं, “मऊ म्हणजे किती?” चाचानं तिला स्की काढायला लावल्या. पाऊल बुटाच्या तळव्याएवढं गेलं तर उत्तम. घोट्यापर्यंत गेलं तर परतीची तयारी. त्याच्यावर गेलं तर तू आधीच उशीर केलास. काठी कशी टोचायची तेही दाखवलं. वर कवच, मग एकदम पोकळ लागतं का. हाताला जे कळतं, ते डोळ्याला कळत नाही. पुतण्याही शेजारी उभा राहून ऐकत होता, जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

बर्फ सुरेख होता. पहिल्या दिवसापेक्षाही सरस, असं सगळ्यांचं मत पडलं. एका उतरणीत ठाणेकर दोन्ही हात पसरून ओरडत गेला, आणि त्याचं चुकलं असं कुणी म्हणू नये. त्यासाठीच तर माणसं हजारो रुपये मोडून इतक्या लांब येतात. अकराच्या सुमारास चौघं कोंगदूरीला थांबली. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. विमान दुसऱ्या दिवशीचं.

“आणखी एक,” ठाणेकर म्हणाला. “शेवटची.”

मुलीनं खाली बघितलं. बूट घोट्यापर्यंत गेला होता. ती वाकली आणि स्कीची पकड सोडवू लागली.

“अगं, गस्तीवाल्यांनी उतार बंद कुठं केलाय? उघडाच आहे.”

“आहे. तू जा. मी थांबते.”

ठाणेकरानं पुतण्याकडे बघितलं, खिशाकडे हातही नेला. पुतण्यानं एकदा उताराकडे पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडे, आणि मान हलवली. “माझा दिवस झाला, सर.” चाचा दुसरीकडे बघत होता. बाकीचे दोघं हो-नाही करत शेवटी टपरीच्या बाकावर टेकले.

ठाणेकर एकटाच पाळण्यात बसला आणि अर्ध्या-पाऊण तासात मुख्य उतारावरून खाली आला. लालबुंद चेहरा, गॉगलवर पाणी.

“काय संधी सोडलीत तुम्ही सगळ्यांनी!” तो म्हणाला. “लोण्यासारखा होता. काही म्हणजे काही झालं नाही. उगाच थांबलीस तू.”

“असेल,” मुलगी म्हणाली, आणि पाच जणांच्या चहाचे पैसे द्यायला उठली. सहावा चहा ठाणेकराचा सांगायचा राहिला होता, तोही तिनं सांगितला.